पोथीचें श्रवण आणि पुस्तकाचा एकांत

वऱ्हाडांतील चातुर्मासाची दुपार. जेवणें आटोपलीं आहेत, चूल सारवून झाली आहे, आणि ओसरीवर पोथी लागली आहे. लाल रुमालांतून काढलेलीं तिचीं सुटीं पानें चौरंगावर मांडलेलीं; पुराणिकबुवा श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' सुरावर वाचीत आहेत; मागें भिंतीच्या आधारानें घरच्या व शेजारच्या बायका बसल्या आहेत. हात कोणाचेच रिकामे नाहींत. कोणी कापसाच्या वाती वळते आहे, कोणी सुपांतली डाळ निवडते आहे. रुक्मिणीच्या पत्राचा प्रसंग आला कीं वाती वळणारीं बोटें थांबतात. विदर्भाची ही राजकन्या आपलें मनोगत पत्रांत लिहून ब्राह्मणाच्या हातीं द्वारकेस धाडते. तें पत्र डोळ्यांत पाणी आणून ऐकणाऱ्या विदर्भांतल्याच बायकांपैकीं बहुतेकींना स्वतःचें नांवहि लिहितां येत नसे. पण ही विसंगति कथेच्या गोडींत बुडून जाई.

पोथी ऐकणें हा सोबतीचा आनंद होता, आणि तो लहान नव्हता. परंतु पुस्तक घेऊन एकटीनें बसणें, ओठ न हलवितां ओळींवरून डोळा फिरविणें, आवडलेलें पान पुन्हां उलटणें, नावडलेलें खुशाल सोडून देणें, हा आनंद अगदीं निराळा. तो वऱ्हाडांतल्या घरांत केव्हां शिरला त्याची नोंद कोणत्याहि दानपत्रांत किंवा दफ्तरांत नाहीं. वाचणारी स्त्री मागें कांहीं ठेवीत नाहीं. पुस्तक मिटलें कीं सर्व मिटलें. तिनें पुढें स्वतः लेखणी उचलली तरच तिच्या वाचनाचा पत्ता लागतो. म्हणून मोजक्या बायकांच्या लिहिण्यावरून अनेकींच्या वाचण्याकडे जावें लागतें.

हा मार्ग वाशिमपासून धरावयास एक कारण आहे. वाशिम म्हणजे जुन्या काळचें वत्सगुल्म. चौथ्या व पांचव्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची येथें राजधानी होती. १९३९ सालीं येथें उजेडांत आलेला विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट कांहीं भाग संस्कृतांत व कांहीं प्राकृतांत लिहिलेला आहे. या राजाचा पिता सर्वसेन हा कवि होता. त्यानें प्राकृतांत जें काव्य रचिलें त्याचेंहि नांव 'हरिविजय'च. श्रीकृष्णानें सत्यभामेसाठीं स्वर्गांतून पारिजात आणला ती कथा त्यांत होती. मूळ काव्य नष्ट झालें. आनंदवर्धनासारख्या शास्त्रकारांच्या उल्लेखांवरून तें आज ठाऊक आहे. संस्कृत नाटकांतून स्त्रिया गात ज्या महाराष्ट्री प्राकृतांत, तीच भाषा या राजानें आपल्या काव्यासाठीं निवडली, ही गोष्ट ध्यानीं घेण्याजोगी आहे.

पुढें दहाव्या शतकाच्या आरंभीं राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लाविला तो याच वत्सगुल्म नगरांत. हा राजशेखर स्त्रियांच्या बाबतींत आपल्या काळाच्या पुढें होता. कवित्वाचा संस्कार आत्म्याच्या ठायीं असतो, तेथें स्त्री-पुरुष हा भेद नाहीं, असें तो निःशंकपणें म्हणतो; इतकेंच नव्हे तर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचीं साहित्यशास्त्रांतील मतें तो इतर आचार्यांच्या मतांबरोबर नांवानिशीं देतो. तथापि या राजसभेंतल्या स्त्रिया झाल्या. साहित्यविद्येचें लग्न वाशिमांत लागलें खरें, पण तेथल्या लेकीसुनांच्या हातीं पुस्तक येण्यास पुढें हजार वर्षें जावीं लागलीं.

मधल्या काळांत एक वेळ अशी आली कीं, बायकांसाठीं ग्रंथाची भाषाच बदलली. तेराव्या शतकांत महानुभाव पंथानें वऱ्हाडांतील रिद्धपूर हें आपलें केंद्र केलें. केशवराज सूरि हे संस्कृतज्ञ शिष्य संस्कृतांत ग्रंथरचना करूं लागले, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस अडविलें; त्यामुळें पंथांतल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकतील, अशी त्यांची तक्रार होती. मराठी गद्याचा पाया ज्या मंडळींनीं घातला त्यांच्या डोळ्यांसमोर वाचक म्हणून, निदान श्रोता म्हणून, एक वृद्ध स्त्री होती, ही गोष्ट मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासांत जितकी वारंवार सांगितली जावी तितकी सांगितली जात नाहीं. महदंबेचे धवळे याच मंडळींतले. पण पुढें पंथानें आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद करून टाकिले, आणि तें दार बाहेरच्यांना कित्येक शतकें मिटलें.

वाशिम जिल्ह्यांतलें कारंजा हें गांव ग्रंथांच्या बाबतींत त्याहून श्रीमंत. लाडांचें कारंजा म्हणून प्रसिद्ध असलेल्या या जुन्या व्यापारी पेठेंतल्या जैन मंदिरांनीं हस्तलिखितांचीं भांडारें शतकानुशतकें जतन केलीं. १९२६ सालीं रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील हस्तलिखितांची सूचि छापली, तेव्हां या संग्रहाची थोरवी विद्वानांस कळली; आणि पुढें परशुराम लक्ष्मण वैद्य व हिरालाल जैन यांनीं येथील अपभ्रंश काव्यें १९३१ पासून एकामागून एक संपादून प्रसिद्ध केलीं. जैन हस्तलिखितांच्या शेवटीं प्रशस्ति असते. ग्रंथ कोणी लिहविला व कोणास अर्पण केला तें तींत सांगितलेलें असतें. अशा प्रशस्तींतून श्राविकांचीं नांवें वारंवार भेटतात. कर्नाटकांत दहाव्या शतकांत अत्तिमब्बे या श्राविकेनें पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती लिहवून वांटल्या, ती कीर्ति आजहि गायिली जाते. शास्त्रदानाचें पुण्य स्त्रीस मोकळें होतें. ग्रंथ लिहविण्यास द्रव्य तिचें, नांव तिचें. तो ग्रंथ घेऊन एकांतांत बसणें मात्र बहुधा मुनींचें व पंडितांचें काम समजलें जाई.

याच कारंज्यांत श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म झाला. त्यांचें चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ दत्तभक्तांच्या घरोघरीं पूजिला जातो. पण स्त्रियांनीं तो स्वतः वाचूं नये, वाचला जात असतां ऐकावा, अशी रूढि पुष्कळ घरांतून होती. म्हणजे ज्या माउलीनें त्या पुरुषास जन्म दिला तिच्याच गांवच्या लेकींनीं त्याची कथा ऐकावयाची ती दुसऱ्याच्या तोंडून! रूढीचें समर्थन करणारे शुचिर्भूततेचें कारण सांगत. कारण कांहींहि असो, परिणाम एकच झाला. ग्रंथ आणि स्त्री यांच्यामध्यें नेहमीं कोणाचा तरी आवाज उभा राहिला.

हा आवाज केवळ रूढीनेंच उभा केला होता असें नाहीं. पोथीची घडणहि त्यास कारण होती. जुन्या पोथींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नसे. अक्षरांची सलग रांग उच्चारून पाहिल्यावांचून शब्द कोठें सरला तें कळत नसे, आणि ओव्या तर गळ्यावर म्हणण्यासाठींच असत. युरोपांतहि जुन्या काळीं याहून फार निराळें नव्हतें. चौथ्या शतकांत मिलान येथें बिशप अँब्रोझ हे आवाज न काढतां वाचीत बसत, ही गोष्ट संत ऑगस्टीन यांस इतकी नवलाची वाटली कीं त्यांनीं ती आपल्या आत्मवृत्तांत नमूद करून ठेविली. शिवाय पोथी लांबरुंद, दोन फळ्यांत बांधलेली, सोंवळ्यांत ठेवलेली. ती कोणाच्या नकळत काढतां येत नसे. तिचा एकच फायदा होता, तो म्हणजे तिचें एकादें पान सुटें होऊं शके. बंगालमधील राससुंदरी देवी या गृहिणीनें एकोणिसाव्या शतकांत नेमकें तेंच केलें. 'चैतन्यभागवता'चें एक पान तिनें काढून स्वयंपाकघरांत लपविलें, आणि मुलाच्या अक्षरें गिरविण्याच्या ताडपत्राशीं तें ताडून पाहत ती चोरून वाचावयास शिकली. तिनें पुढें लिहिलेलें आत्मचरित्र बंगाली भाषेंतलें पहिलें मानलें जातें.

छापखान्यानें पोथीचें पुस्तक केलें. शब्द सुटे झाले, पानें शिवलीं गेलीं, आणि ग्रंथ पदराखालीं मावेल एवढा लहान झाला. त्याबरोबर गद्यहि आलें. गद्यास सूर लागत नाहीं. स्त्रियांच्या एकांत वाचनाचा खरा आरंभ येथून धरावा लागतो. १८४८ सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. १८५७ सालीं बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' निघालें. वऱ्हाड त्या वेळीं नुकतेंच, १८५३ सालीं, निजामाकडून इंग्रजी कारभाराखालीं आलें होतें. तेथें कापसाच्या पेठा लौकर वाढल्या. मुलींच्या शाळा मात्र सावकाश निघाल्या. शिकलेल्या मुलीचा नवरा जगत नाहीं, ही समजूत सर्वत्र होतीच. १९०१ च्या खानेसुमारींत साऱ्या हिंदुस्थानांत शेंकडा एकहि स्त्री साक्षर निघाली नाहीं. त्या मूठभरांतहि बाळबोध शिकलेल्या बाईस मोडी येत असेच असें नाहीं. तिला कादंबरी वाचतां येई, पण नवऱ्याची चोपडी वाचतां येत नसे. आणि पुष्कळ नवऱ्यांस ही वांटणी सोयीची वाटली असावी.

अशा काळांत वाशिमच्या शेजारीं, बुलढाण्यास, एक बाई वाचीत होती. ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० च्या सुमारास झाला. वडील बापूजी हरि शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत मुख्य कारकून व सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनीं आपल्या या मुलीस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. जांवई घरींच आणिला, त्यामुळें ताराबाईंस सासर असें पाहावें लागलें नाहीं. मूलबाळहि झालें नाहीं. म्हणजे त्या काळच्या स्त्रीस दुर्मिळ अशा दोन गोष्टी त्यांस मिळाल्या: पुस्तकें, आणि तीं वाचावयास वेळ. पण चार भिंतींचा बंदोबस्त सुटला नव्हता. मराठा घराण्याच्या कोंडवाड्यांत राहणारी आपण एक अबला, असें त्यांनीं स्वतःच आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत म्हटलें आहे.

तें पुस्तक म्हणजे 'स्त्री-पुरुष तुलना'. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भक मारल्याच्या आरोपावरून फांशीची शिक्षा झाली. पुढें ती कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें पुण्याच्या एका वृत्तपत्रानें सरसकट स्त्रीजातीवर जे ताशेरे झाडले, त्यांनीं ताराबाई संतापल्या, आणि १८८२ सालीं पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यांत त्यांचें हें पुस्तक छापलें गेलें. त्यांतल्या संतापाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. येथें पाहावयाचें आहे तें निराळें. या पुस्तकाच्या पानापानांतून ताराबाईंनीं काय वाचलें होतें तें उघड होतें. पुराणांतल्या देवांच्या व ऋषींच्या कथा त्यांस मुखोद्गत आहेतच. पण त्याखेरीज हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला', रिसबुडांची 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक हें सारें त्यांनीं वाचलेलें आहे, आणि वाचून सोडून दिलेलें नाहीं. या कादंबऱ्या त्या काळच्या तरुण मंडळींत फार आवडीनें वाचल्या जात. राजपुत्र, राजकन्या, अद्भुत योगायोग, शेवटीं विवाह. पुरुष वाचकांनीं त्यांत रंजन पाहिलें. बुलढाण्याच्या या वाचक बाईनें पुस्तकांतली स्त्री घरांतल्या स्त्रीशेजारीं उभी केली, आणि लेखकांस विचारलें कीं, जे दुर्गुण तुम्हीं बायकांच्या माथीं मारतां ते पुरुषांत दुप्पट नाहींत काय?

हा प्रश्न पोथीच्या बैठकींत सुचण्याजोगा नव्हता. तेथें पुराणिक थांबत नाहीं, ऐकणारीस मागें जातां येत नाहीं, आणि शेजारीण डोळे पुशीत असतां आपल्या मनांत आलेली शंका बोलून दाखविणें शिष्टसंमत नसतें. एकटीनें वाचणारी स्त्री मात्र पान उलटून मागें जाऊं शकते, दोन पुस्तकें एकमेकांशीं ताडून पाहूं शकते, आणि ग्रंथकर्त्याशीं मनांतल्या मनांत भांडूं शकते. ताराबाईंचें पुस्तक हें असें वर्षानुवर्षें साठलेलें भांडण आहे. तें अस्ताव्यस्त आहे, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी घेणारें आहे. पण त्याचें कारणहि वाचनांतच सांपडतें. ज्या मतांविषयीं आजवर कोणाशीं बोलतां आलें नाहीं, तीं एकदम कागदावर आलीं कीं रांगेनें येत नाहींत.

पुस्तकाचें स्वागत कडवट झालें. सत्यशोधक मंडळींतहि कांहींजणांनीं नाकें मुरडलीं. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं 'सत्सार' पत्रिकेंत त्यांची कानउघाडणी करून ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचें दुसरें पुस्तक मात्र निघालें नाहीं. त्या पुढेंहि वाचीत राहिल्या असतीलच; पण त्यांच्या वाचनावरचें दार पुन्हां लागलें.

पुण्याकडे याच सुमारास जें चाललें होतें तें आत्मचरित्रांमुळें अधिक परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार नको. रमाबाई रानड्यांचें लग्न १८७३ सालीं झालें, आणि न्यायमूर्तींनीं त्यांस लगोलग शिकविण्यास आरंभ केला. माडीवर पतीपाशीं अभ्यास, आणि खालीं माजघरांत घरच्या वडील बायकांचा अबोला व टोमणे, अशा दोन जगांत त्यांनीं दिवस काढले. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणीं'त तें सर्व आलें आहे. काशीबाई कानिटकर आपण होऊनच आडून आडून वाचावयास शिकल्या, आणि त्यांनींच पुढें आनंदीबाई जोशी यांचें चरित्र लिहिलें.

या कथा वाचतांना माजघरांतल्या वडील बायकांवर राग धरणें सोपें आहे. पण त्यांचीहि बाजू एकदा समजून घ्यावी. एकत्र कुटुंबांत दळण, कांडण, पाणी, बाळंतपणें, आजार हीं सर्व ओझीं सामाईक. पोथी ऐकणारी सून वाती वळीत ऐके. पुस्तक वाचणाऱ्या सुनेचे दोन्ही हात व दोन्ही डोळे पुस्तकांत गुंतत. म्हणजे घराच्या कामांतून दोन हात गेले, आणि घराच्या गप्पांतून एक माणूस गेलें. ती काय वाचते हें सासूस कळत नाहीं, वाचतांना मध्येंच हसते कां तेंहि कळत नाहीं. ज्या घरांत कोणतीच गोष्ट एकट्याची नव्हती तेथें हें खाजगी हसूं म्हणजे उघड उघड फितुरी वाटावी यांत आश्चर्य नाहीं. सासूचा राग अक्षरांवर नव्हता, एकांतावर होता.

एकोणिसावें शतक संपतां संपतां हा एकांत मासिकांनीं थोडा सुसह्य केला. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र काढलें, आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः दिली. ती यमूच्या तोंडून सांगितलेली आहे. एका मुलीनें आपली हकीकत एकेका अंकांत थोडी थोडी सांगावी तशी. पुढें १८९५ मध्यें 'मनोरंजन' आलें, १९३० मध्यें किर्लोस्करांचें 'स्त्री' आलें. टपालहंशील भरलें कीं मासिक वऱ्हाडांतल्या आडगांवींहि पोंचूं लागलें. मुर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी आगगाडी कारंज्यावरून धांवूं लागली होती. घासलेटचा दिवा आला, आणि घर निजल्यावरचा एक तास वाचणारीस मिळाला. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपण नांवानें निघाला, तेव्हां लेखिका कोण याविषयीं महाराष्ट्रांत एकच गहजब झाला. लेखिकेनें आपलें नांव झांकलें होतें, आणि तें पुस्तक वाचणाऱ्या अनेक मुलींनीं त्याचें मुखपृष्ठ झांकलें असल्यास नवल नव्हे. त्या विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, हें पुढें उघड झालें.

आणि मग वत्सगुल्माकडे परत यावें लागतें. १९०७ सालीं वाशिमांत गीता साने यांचा जन्म झाला. गणित विषय घेऊन त्या एम. एस्‌सी. झाल्या, लग्नानंतरहि त्यांनीं आपलें माहेरचें नांव ठेविलें, आणि १९३६ सालीं 'निखळलेली हिरकणी' ही कादंबरी लिहून त्यांनीं मराठी वाचकांस अस्वस्थ केलें. त्यांच्या नायिका रडत बसत नाहींत. त्या विचार करतात, हिशेब मांडतात, आणि जेथें मान राहत नाहीं तें घर सोडूनहि जातात. पुराणिकाच्या मागें भिंतीशीं बसलेल्या बायका आणि या नायिका यांच्यामध्यें फार तर दोन पिढ्यांचें अंतर आहे. तेवढ्या अवधींत जें घडलें त्याचा मोठा भाग कोणत्याहि सभेंत घडला नाहीं. तो माडीवर, कोठीच्या खोलींत, निजलेल्या मुलाच्या उशाशीं, दिव्याची वात बारीक करून घडला. गीता साने यांनीं पुढें भारतीय स्त्रीजीवनाचा मोठा आढावाहि लिहिला. १९९१ सालीं त्या निवर्तल्या.

वाशिम १९०५ सालीं अकोल्यांत विलीन झालें होतें. १९९८ च्या जुलैच्या पहिल्या तारखेस तो पुन्हां स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०११ च्या जनगणनेंत जिल्ह्यांतल्या सात वर्षांवरील सुमारें तीन-चतुर्थांश स्त्रिया साक्षर निघाल्या. ताराबाईंचें पुस्तक तोंवर पुन्हां लोकांच्या हातीं आलें होतें. तें जवळजवळ विस्मृतींत गेलें होतें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं नव्यानें छापून उजेडांत आणिलें. १८८२ सालीं त्याच्या पांचशें प्रती काढल्या होत्या, आणि किंमत नऊ आणे ठेविली होती.